मॉनिटर कोणाकडे जाईल

जनावरांच्या दवाखान्यात मी चौदा वर्षं टेबलाशी बसते आहे. नाव लिहून घ्यायचं, वजन करायला सांगायचं, नंबर आला की आत सोडायचं, एवढंच काम. आत डॉक्टर काय करतात ते त्यांचं त्यांना ठाऊक. बाहेरच्या बाकांवर काय चालतं ते मात्र मला दिसतं, आणि खरी तपासणी तिथेच होते असं माझं मत झालं आहे.

दोन कुत्री समोरासमोर आली की एकमेकांना हुंगतात आणि पाच सेकंदांत ओळख आटोपते. त्यांचे मालक अर्धा तास गप्पा मारतात आणि उठताना दोघांनाही एकमेकांबद्दल काही कळलेलं नसतं. ‘हा काही म्हणजे काही खात नाही हो,’ असं ज्याच्याबद्दल सांगतात तो वजनकाट्यावर चढला की काटा कण्हतो. मी आकडा लिहून घेते आणि गप्प बसते. खोटं कुत्राही बोलतो. लाड हवे असले की लंगडतो. पण चेंडू दिसला की कोणता पाय दुखत होता ते विसरून पळत सुटतो. माणूस विसरत नाही. कोणता पाय दुखतो म्हणून आपण सांगितलं होतं, ते त्याला दहा वर्षांनीही बरोबर आठवतं.

माझे तीन नेम आहेत. सकाळी उठल्यापासून कामावर येऊन बसेपर्यंत मौन. स्वतः घास घेण्याआधी एखाद्या जिवाला हाताने भरवायचं. आणि सूर्यास्तापर्यंत खोटं बोलायचं नाही. सूर्यास्तानंतर घरी सासूबाई असतात, म्हणून तो नेम तेवढ्यापुरताच ठेवला आहे. दवाखान्यात हे सगळ्यांना माहीत आहे. मागच्या खोलीतले पिंजरे सांभाळणारे काका मला ‘नेमाच्या ताई’ म्हणतात. सुरुवातीला चेष्टेने म्हणायचे, आता सवयीने म्हणतात.

मागच्या खोलीत सहा पिंजरे आहेत. कोणी गावाला गेलं, आजारी पडलं की आपला प्राणी तिथे ठेवून जातं. तिथेच मॉनिटर आला. तेरा वर्षांचा, तपकिरी, कान लोंबलेले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तो मोठ्या बाईंचा. बाई शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, तरी अख्खी गल्ली त्यांना मोठ्या बाईच म्हणते. कुत्र्याचं नाव मॉनिटर का, असं मी विचारलं होतं, तर म्हणाल्या, ‘वर्गात शिक्षक नसताना जो लक्ष ठेवतो तो.’ घरात त्या दोघांशिवाय कोणीच नव्हतं.

बाई जिन्यात पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. शेजारणीने मॉनिटरला आमच्याकडे आणून सोडलं. तीन दिवस तो काहीही खाईना. काकांनी युक्त्या केल्या, शिव्या घातल्या, शेवटी हात टेकले. चौथ्या दिवशी सकाळी मी मौनातच पिंजऱ्यापुढे बसले आणि पावाचा तुकडा दुधात बुडवून तळहातावर धरला. त्याने बराच वेळ हुंगलं आणि खाल्लं. माझा त्या दिवसाचा नेम झाला आणि त्याचा उपास सुटला. मग तेच रोज. एरवी मी मागच्या दारातल्या मांजरीला घास देत असे. ती खायची आणि माझ्याकडे न बघता निघून जायची. मॉनिटर खाऊन झालं की हनुवटी माझ्या पावलावर ठेवायचा. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायला लागलं होतं. काका म्हणायचे, ताई, तुमच्याशिवाय तो कोणाच्या हातचं खात नाही. मी वरवर म्हणायची, असं काही नसतं. आतून पुन्हा एकदा ऐकावंसं वाटायचं.

बाईंचा रोज चारला फोन यायचा. मॉनिटरने काय खाल्लं, पाणी प्यायला का, पोट साफ आहे का. मी सगळं सांगायची. मुलांबद्दल त्या काही बोलत नसत. मुलगा चष्म्याचं दुकान चालवतो, मुलगी दातांची डॉक्टर आहे. दोघंही याच शहरात, दोघंही आळीपाळीने रुग्णालयात जात होते. म्हणजे आईची अगदीच हेळसांड होती असं कोणी म्हणू नये. फक्त, आता त्यांना दुसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात एकटं राहता येणार नव्हतं, आणि सोमवारी त्यांना सोडणार होते.

त्याच्या आदल्या बुधवारी चारच्या फोनवर बाई म्हणाल्या, ‘ऐक. शनिवारी दहा वाजता दोघं तुझ्याकडे येतील. मॉनिटरला मधे सोड. तो ज्याच्याकडे जाईल त्याच्याकडे तो राहील, आणि मी पण तिथेच जाईन.’

मला वाटलं औषधांनी त्यांना ग्लानी आली असावी. पण बाईंचा आवाज प्रश्नपत्रिका वाचून दाखवावी तसा स्वच्छ होता. त्यांनी मला समजावून सांगितलं. मुलांना विचारलं तर दोघंही ‘ये की’ म्हणतील. त्यातलं कोणाचं मनापासून आहे हे त्यांना विचारायचं नव्हतं. विचारलं असतं तर कळलं असतं, आणि कळल्यावरही कोणाच्या तरी घरी राहावंच लागलं असतं. कुत्र्याला वास येतो, म्हणाल्या, कोणाला आपण हवे आहोत याचा. आणि मुलांनी हे मान्य केलं होतं, दोघांनीही, एका मिनिटात. मुलं इतक्या चटकन एखाद्या गोष्टीला हो म्हणाली असं त्यांना पूर्वीचं काही आठवत नव्हतं.

‘तू साक्षीदार,’ त्या म्हणाल्या. ‘निकाल तू मला फोनवर सांगायचा. त्यांच्या तोंडून नको. तू खोटं बोलत नाहीस.’

त्याच क्षणी मी सांगायला हवं होतं की बाई, याला एकवीस दिवस मी हाताने भरवते आहे, ही परीक्षा आधीच फुटलेली आहे. शब्द जिभेवर आलेही. पण त्या म्हणाल्या, दमले गं, ठेवते, आणि मी ठेवू दिलं. खोटं बोलले नाही, इतकंच. नुसती गप्प बसले. माझ्या नेमात ते बसत होतं. जनावराला ही सोय नाही. त्याचं गप्प बसणं आणि त्याचं मन यांत कुठे फट नसते.

गुरुवारी पण सांगितलं नाही. त्याऐवजी दुसरा उपाय करून पाहिला. काकांना म्हटलं, आजपासून मॉनिटरला तुम्ही घाला, मी मांजरीला घालते. मांजरीने, इतके दिवस कुठे होतीस असं विचारावं तसं माझ्याकडे पाहिलं, आणि खाल्लं. मॉनिटर भांड्याकडे पाठ करून बसला. शुक्रवारी काका म्हणाले, ताई, हा म्हातारा उपाशी मरेल आणि पाप तुमच्या नेमांच्या डोक्यावर बसेल. दुपारी मी पुन्हा पिंजऱ्यापुढे जाऊन बसले. काय करणार? त्याने इतक्या घाईने खाल्लं की माझ्या करंगळीला दात लागला.

काकांशी या विषयावर माझा वाद झाला. त्यांचं म्हणणं असं की माणसापेक्षा जनावर बरं, जनावर कधी आईला असं वाऱ्यावर सोडणार नाही. मी त्यांना म्हटलं, काका, चौदा वर्षांत इतकी जनावरं इथून गेली, त्यांतलं एक तरी आपल्या म्हाताऱ्या आईला घेऊन आलं होतं का? पिल्लाला दात फुटले की ते आईला ओळखतही नाही. काका म्हणाले, ते खरं, पण मग सांभाळीन असंही ते म्हणत नाही. लोक माझ्याबद्दल म्हणतात की मी सासूबाईंना सांभाळते. खरं तर दोन खोल्यांच्या घरात त्यांना जायला दुसरी जागा नाही, आणि मलाही नाही. आम्ही एकमेकींना सांभाळतो की नुसत्या अडकलो आहोत, हे मी देवालाही विचारत नाही. तो खरं सांगेल अशी भीती वाटते.

शनिवारी डॉक्टरांनी दहा ते साडेदहा दवाखाना बंद ठेवला. दाराला तशी पाटी लावली.

मुलगा आधी आला. हातांना कसल्यातरी औषधी साबणाचा इतका उग्र वास होता की मलाच शिंक आली. म्हणाला, दुकानात भिंगं पुसायला लागतात ना. मुलगी मागोमाग आली, ती थेट तिच्या दवाखान्यातून, अंगाला लवंगेच्या तेलाचा वास. कुत्र्याला लवंग सहन होत नाही हे डॉक्टरांनी तिला मागे एकदा माझ्यासमोर सांगितलं होतं. ती विसरली असेल. मी कोण ठरवणार? दोघांनी एकमेकांची चौकशी केली, मुलं कशी आहेत, रस्त्यात गर्दी लागली का. मग ती त्याला म्हणाली, ‘दादा, तू खिडकीजवळ उभा राहा ना, तिथे उजेड आहे, त्याला दिसशील.’ तो म्हणाला, त्याला दिसत नाही. ती म्हणाली, तरी पण.

मी डॉक्टरांना म्हटलं, मी आत जाऊन बसते. दोघा भावंडांनी एकदम सांगितलं की नाही, तुम्ही साक्षीदार आहात, आईची अट आहे. मग मी टेबलाच्या मागे, खुर्ची भिंतीला टेकवून, जितकं लांब बसता येईल तितकं लांब बसले. हात घट्ट घडी करून काखेत घातले. देवाचं नाव घेत होते. काय मागावं ते कळेना, म्हणून नुसतं नाव घेत होते.

काकांनी मॉनिटरला आणून खोलीच्या मध्यावर सोडला आणि पट्टा काढून घेतला.

‘मॉनिटर, ये,’ मुलगा म्हणाला. उठायला निघालेल्या पाहुण्याला आपण ‘जेवूनच जा ना’ म्हणतो, तो आवाज. हात खिशात होते. ‘ये रे बाळा,’ मुलगी म्हणाली, आणि अर्धं पाऊल मागे सरकली. मुलाने ते पाहिलं आणि तोही सरकला. दोघांची पाठ आता भिंतीला लागली होती. मुलगा समोरच्या तक्त्यावरची जंतांची चित्रं बघायला लागला.

मॉनिटर उभा राहिला. नाक वर करून त्याने हवा चाळली. मग मुलाकडे गेला. त्याच्या बुटाला हुंगलं, पँटच्या काठाला हुंगलं आणि शेपूट एकदा, नुसती एकदाच, हलवली. मुलाने श्वास धरला होता. मुलीचा चेहरा सैल झाला. मला वाटतं तिला स्वतःलाही ते कळलं नसेल. मग कुत्रा वळला आणि तिच्याकडे गेला. तिच्या पिशवीला नाक लावलं. ‘नको रे,’ ती म्हणाली. अगदी हळू, मायेने, सवयीने. त्याला ओळख पटली होती, दोघांचीही. पिल्लू असल्यापासून त्यांना येता-जाता पाहिलेलं होतं त्याने. तो तिथे थोडा वेळ थांबला, आणखी काही म्हणतात का बघावं तसा.

कोणी काही म्हटलं नाही.

मग तो निघाला. वजनकाट्याला अडखळला, टेबलाच्या कडेला डोकं आपटलं, बाजूने वाट काढली, आणि माझ्या खुर्चीपाशी येऊन माझ्या पावलावर हनुवटी ठेवून आडवा झाला.

मी हात वर धरले, चोरी पकडल्यावर धरतात तसे. काका छताकडे बघत होते. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला.

भावंडांकडे मी पाहिलं. इतकी वर्षं मी त्यांना ओळखते, पण ती बहीणभाऊ दिसतात असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. दोघांच्या चेहऱ्यावर अगदी एकच सुटका होती, डाव्या भुवईपासून हनुवटीपर्यंत सारखी.

मग औदार्याला सुरुवात झाली. मुलगा म्हणाला, मॉनिटर हिच्याकडे गेला असं सांगा आईला, हिच्या इमारतीला लिफ्ट आहे. मुलगी म्हणाली, छे, दादाकडे गेला म्हणा, त्याचं घर तळमजल्यावर, पुढे बाग, आईला मोकळं वाटेल. तो म्हणाला, आईचं तुझ्याशी जास्त पटतं. ती म्हणाली, जीव मात्र तुझ्यावर आहे. इतकं चांगलं ते एकमेकांबद्दल कित्येक वर्षांत बोलले नसतील. दोन कुत्र्यांपुढे एक हाडूक टाकलं तर दोघं गुरगुरतात. ते हाडूक एकमेकांकडे इतक्या अदबीने सरकवायला माणूसच हवा.

शेवटी मुलगी म्हणाली, हे बघा, एक जागा आहे, टेकडीवर, वयस्क लोकांसाठी, अगदी स्वच्छ, नर्स चोवीस तास. मी फक्त विचारून ठेवलं होतं, म्हणाली, वेळ पडली तर. मुलाने खिशातून हात काढले. मग म्हणाला, ‘पूर्वेकडची खोली? पहिल्या मजल्यावरची?’

तिने त्याच्याकडे पाहिलं. म्हणाली, तिथल्या व्यवस्थापकाने तिला सांगितलं होतं की ह्या खोलीसाठी अजून एकाने शब्द टाकून ठेवला आहे, लवकर काय ते कळवा. तो अजून एक समोर उभा होता. गेले पंधरा दिवस बहीणभाऊ एकाच खोलीसाठी एकमेकांशी चढाओढ करत होते, नकळत.

मला हसू येईल असं वाटलं आणि आलं नाही. काका मात्र मागच्या खोलीत निघून गेले. तिथे त्यांनी एका रिकाम्या पिंजऱ्याचं दार उगाचच दोनदा आपटलं.

मी त्यांना रागावू शकले असते. पण कोणत्या तोंडाने? कुत्र्याला मी फोडलं होतं. त्याला माझ्या हाताची सवय लावली नसती तर तो त्या दोघांपैकी एकाच्या पायाशी बसला असता, हुंगून, कंटाळून, कसाही. आणि एकदा बसला असता तर त्यांनी आईला नेलं असतं. शब्दाला ती दोघं जागली असती, इतकी वाईट नाहीत ती. कोणीतरी एकाने तोंड वेडंवाकडं करत का होईना, घरातला पलंग सरकवला असता. मग सवय झाली असती. घरं अशीच चालतात. माझं चालतं.

हे मी त्यांना सांगितलं. एकवीस दिवसांचं, हाताने भरवण्याचं, सगळं. म्हटलं, ही परीक्षा धरू नका, पुन्हा घेऊ, मी दहा दिवस त्याच्यासमोर येत नाही. मुलगा फार सौम्यपणे म्हणाला, सोमवारी आईला सोडणार आहेत हो. मुलीने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, मनाला लावून घेऊ नका. दोघंही माझ्याशी इतकी चांगली वागत होती की मला बुडल्यासारखं झालं.

‘फोन तुम्हीच लावा,’ मुलगा म्हणाला. ‘काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. आम्ही तुम्हाला बांधत नाही.’

घड्याळात दहा वाजून बावीस मिनिटं झाली होती. सूर्यास्ताला आठ तास होते. मी त्या नेमाबद्दल पहिल्यांदाच असा हिशेब केला. एक खोटं, एकच. मुलाकडे गेला. किंवा मुलीकडे. बाईंनी विश्वास ठेवला असता, आणि दोघांपैकी एकाला तो निभावावा लागला असता, कारण नाही म्हणायला आईच्या समोर उभं राहावं लागलं असतं. व्रत मोडलं असतं आणि एका म्हाताऱ्या बाईला घर मिळालं असतं. देवाला त्याचं किती वाईट वाटलं असतं? मला वाटतं फारसं नाही. पण बाईंनी मला निवडलं होतं ते खोटं न बोलण्यासाठीच. आणि मी खोटं बोलून त्यांना ज्या घरात ढकललं असतं तिथे त्या, आपण वासावरून निवडलेलं घर आहे, अशा समजुतीने रोज उठल्या असत्या.

फोन लागला. पहिल्याच घंटीला त्यांनी उचलला.

‘कोणाकडे गेला?’

‘माझ्याकडे आला, बाई,’ मी म्हटलं. मग सगळं सांगितलं. भरवण्याचं, न सांगण्याचं. म्हटलं, चूक माझी आहे.

पलीकडे रुग्णालयातली एक ढकलगाडी कुठून तरी कुठे गेली, तिचं एक चाक करकरत होतं.

‘त्यांच्याकडे गेला होता का आधी?’ त्यांनी विचारलं.

‘हो. दोघांकडे. शेपूट हलवली.’

‘आणि मग?’

मी काय सांगणार होते? मग कोणी काही म्हटलं नाही, हे खरं होतं, आणि मी तेच सांगितलं.

‘अच्छा,’ बाई म्हणाल्या. बरोबर उत्तर मिळाल्यावर वर्गात म्हणत असाव्यात तसंच. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, ‘तू ठेवशील त्याला?’

‘ठेवीन, बाई.’ सासूबाई काय म्हणतील ते डोळ्यांपुढे आलं, पण हे मी करू शकत होते.

‘आणि मला?’

त्या हसल्या. हसल्याच असाव्यात, तसा आवाज आला. मी ते हसणं संपण्याची वाट पाहत राहिले, म्हणजे थट्टा होती की नाही ते कळलं असतं. दोन खोल्या. एकीत सासूबाई. हो म्हटलं तर ते खोटं होतं. नाही हे खरं होतं, आणि ते म्हणायला माझी जीभ उचलेना. भावंडं माझ्या चेहऱ्याकडे बघत होती, डोळ्यांच्या डॉक्टरकडे अक्षरं वाचतात तशी, आणि त्यांना वाचता येत नव्हतं.

काचेच्या दारावर टकटक झाली. साडेदहा वाजून गेले होते. बाहेर टोपलीत मांजर घेऊन एक गृहस्थ उभे होते, त्यांच्यामागे आणखी चौघं. गृहस्थ मनगटावरचं घड्याळ मला दाखवत होते. मांजर टोपलीत शांत बसलं होतं.

बाईंनी फोन ठेवला नव्हता. त्यांचा श्वास ऐकू येत होता. काका कडीला हात लावून, उघडू का म्हणून माझ्याकडे बघत होते.

‘बाई,’ मी म्हटलं.

‘हं,’ त्या म्हणाल्या, आणि थांबल्या.